टेकू काढायची घाई : सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना फोंडाघाटहून खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
सार्वजनिक बांधकाम विभाग, महाराष्ट्र राज्य, मुंबई



मी फोंडाघाटचा. कणकवलीहून कोल्हापूरला निघालात की घाट चढण्याआधी जी मोठी बाजारपेठ लागते, ते आमचे गाव. वर चढले की दाजीपूर, पुढे राधानगरी. तीस वर्षे मी ठेकेदारांकडे साइट सुपरवायझर म्हणून काढली. मोऱ्या, शाळेच्या खोल्या, रस्त्याकडेच्या संरक्षक भिंती, लहान पूल, अशी सगळी कामे केली. मोठ्या कामाचे श्रेय माझ्या नावावर काही नाही, पण सिमेंट कधी घट्ट झाले आणि कधी नुसते घट्ट दिसते आहे, एवढे हाताला कळते. त्या जोरावर हे पत्र लिहितो आहे.

पत्राचे निमित्त एक कागद आहे. २० ऑगस्ट २०२४ रोजी आपल्या खात्याच्या मालवणमधल्या एका अभियंत्याने नौदलाच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिले. राजकोट किल्ल्यावरच्या छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे नटबोल्ट पावसाने आणि खाऱ्या वाऱ्याने गंजले आहेत, कायमस्वरूपी उपाययोजना करावी, असा त्याचा आशय होता. पुतळा नौदलाच्या देखरेखीखाली उभारला होता, म्हणून पत्र नौदलाला. सहा दिवसांनी, २६ ऑगस्टला, पस्तीस फुटांचा तो पुतळा कोसळला. ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, त्याचे अनावरण झाले होते. नऊ महिनेही पुरे झाले नव्हते.

त्या दिवशी जिल्ह्यात कुणाच्या घरात जेवण गोड लागले नाही. महाराजांचा पुतळा पडणे हा आमच्या मनावरचा घाव आहे, आणि तो माझ्याही मनावर आहे. पण साइटवर आयुष्य गेलेल्या माणसाचे डोळे पुन्हा पुन्हा त्या २० तारखेच्या कागदाकडे जातात. कुणीतरी बघितले होते. कुणाला तरी दिसले होते. त्याने आपले काम केले, लिहून कळवले. आणि तरीही त्या सहा दिवसांत पुतळ्याभोवती माणसे थांबवणारी साधी दोरीसुद्धा आपोआप बांधली जाईल, अशी व्यवस्था आपल्याकडे नव्हती.

पुढे चौकशी समितीने अहवाल दिला. गंज, कमकुवत सांगाडा, चुकीचे वेल्डिंग ही कारणे त्यातून बाहेर आली. कला संचालनालयाच्या त्या वेळच्या संचालकांनीही जाहीरपणे सांगितले की आमच्याकडे मंजुरीला आला होता तो सहा फुटांचा नमुना. सहा फुटांच्या मंजुरीवर पस्तीस फूट कसे उभे राहिले, याचा निवाडा न्यायालय करील. मला त्यात पडायचे नाही. मला सांगायचे आहे ते घाईत पायऱ्या कशा गळतात याबद्दल, कारण एक पायरी मी स्वतः गाळली आहे.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याच तालुक्यात एका वाडीला जाणाऱ्या रस्त्यावर वहाळ होता. पावसात चार महिने मुले शाळेला जाताना साकवावरून जायची, आणि साकव दरवर्षी वाहून जायचा. तिथे पाच मीटर गाळ्याचा स्लॅबचा पूल मंजूर झाला. मे महिन्याच्या मध्यावर स्लॅब ओतला. खडी बरी होती, वाळू धुतलेली होती, सिमेंट ताजे होते. मी स्वतः उभे राहून कोन भरून ओल्या काँक्रीटची स्लम्प चाचणी घेतली, ताकद तपासण्यासाठी सहा क्यूब भरले, त्यांच्यावर तारीख कोरली आणि पाण्याच्या टाकीत ठेवले. स्लॅबवर गोणपाट पसरून रोज तीन वेळा पाणी मारत होतो. इथपर्यंत सगळे नियमाने चालले होते.

भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, स्पष्ट लिहिलेले आहे की साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबखालचे टेकू सात दिवस ठेवायचे आणि त्यापुढच्या गाळ्याला चौदा. आमचा गाळा पाच मीटरचा, म्हणजे चौदा दिवस. आठव्या दिवशी संध्याकाळी ठेकेदार आला. म्हणाला, "परवा दिवशी साहेब येतले. खाली टेकू दिसले तर बरा दिसाचा नाय." मी म्हटले, अजून सहा दिवस आहेत. तो म्हणाला, "काय होऊचा नाय. सिमेट काय काल वतलेला नाय."

नवव्या दिवशी सकाळी टेकू काढले. लोखंडी प्लेटा ठोकून सोडवल्या, तेव्हा स्लॅबचे पोट गुळगुळीत, आरशासारखे दिसले. गवंड्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर मी साइटचे रजिस्टर उघडले आणि टेकू काढल्याची नोंद पाच दिवस पुढची तारीख टाकून केली. खात्याचे कनिष्ठ अभियंता त्या वेळी एकटे चार कामे बघत होते. त्यांनी महिन्याअखेरीस सगळ्या पानांवर एकदम सह्या केल्या. कागद पूर्ण झाले. फीत कापली गेली, पेढे वाटले गेले, वाडीतल्या म्हाताऱ्या बायांनी पुलाला हळदकुंकू लावले.

मृगाचा पाऊस लागला. जुलैत मी खाली उतरून पाहिले तर स्लॅबच्या पोटाला बरोबर मधोमध आडवी भेग होती, पोस्टकार्डाची कड आत जाईल एवढी. स्लॅब मधोमध खाली बसला होता. चिऱ्यांचे ट्रक त्यावरून जाणे बंद केले. पुढच्या उन्हाळ्यात तो फोडून नव्याने ओतावा लागला, आणि मधला एक पावसाळा मुले पुन्हा साकवावरून गेली. कुणी मेले नाही, हे त्या वाडीचे नशीब.

अठ्ठावीस दिवसांच्या क्यूबचा अहवाल मात्र उत्तम आला होता. माल चांगला होता, माणसे चांगली होती, पैसेही कुणी खाल्ले नव्हते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे काही पडले की सगळे पहिल्यांदा भ्रष्टाचार शोधतात. तो असतोही. पण कुणी एक रुपया न खाताही पूल निकामी होऊ शकतो. तेवढ्याला पाच दिवस आणि रजिस्टरातली एक खोटी तारीख पुरते. ती तारीख माझ्या अक्षरात होती.

त्या ठेकेदाराने मला कोणताही लेखी आदेश दिला नव्हता. त्यालाही कुणी लेखी सांगितले नव्हते. साहेबांनीही बहुधा कधी म्हटले नसेल की माझ्यासाठी टेकू काढा. तीस वर्षांत दबाव मी कधी कागदावर उतरलेला पाहिला नाही. तो फोनवर, चहाच्या टपरीवर, नाहीतर खांद्यावर ठेवलेल्या हातातून येतो. आणि त्याला अडवायला उभा असतो तो कागद, म्हणजे चेकलिस्ट, रजिस्टर, चाचणीचा अहवाल. तोंडी दबाव आणि लेखी नियम यांची गाठ पडते तेव्हा हरतो तो नियम, कारण दबाव आणणारा समोर उभा असतो आणि नियम लिहिणारा दिल्लीत बसलेला असतो.

मंत्री महोदय, आपण म्हणाल, तारखा तर असणारच. मान्य आहे. आम्ही कोकणातली माणसे तारखांवरच जगतो. ७ जूनच्या आसपास मृग लागतो आणि तो कुणासाठी थांबत नाही. त्याआधी कौले परतायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, गवताच्या गंजी झाकायच्या. या सगळ्या आगोटीच्या कामांना मुदतवाढ मागायला कुठले कार्यालय नाही. चतुर्थीचेही तसेच. म्हणून मला आमच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या जागी, काम कसे चालते ते आपल्याला सांगायचे आहे. गावातला मूर्तिकार भर पावसात, हवेत इतका ओलावा असताना, मातीच्या मूर्ती वाळवतो. मूर्तीच्या पाठीवर अंगठा दाबून बघतो, बोटाच्या सांध्याने ठोकून आवाज ऐकतो. आवाज बद्द आला तर मूर्ती पुन्हा बल्बखाली जाते. ओल्या मातीवर रंग चढवला तर चतुर्थीच्या आदल्या रात्री सोंडेला चीर जाते, हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो आधीच सांगून ठेवतो की अमुक दिवसानंतर कुणाचा मूर्तीसाठीचा पाट घेणार नाही. मग सरपंचाचा असो, मुंबईहून आलेल्या चाकरमान्याचा असो. त्याची शेवटची तारीख पक्की असते, म्हणून तो पहिली तारीख मागे नेतो. वाळण्याचे दिवस कापत नाही.

आणि दुसरी गोष्ट आपल्याला स्वतःला माहीत असेल, कारण राज्यातले बहुतेक पुढारी तिथे दर्शनाला येतात. मालवण तालुक्यातली आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा. तिची तारीख पंचांगात छापलेली नसते. शेतीची कामे उरकतात, गावकरी रीतीप्रमाणे जमतात, पारध होते, देवीचा कौल घेतला जातो आणि मगच तारीख जाहीर होते. तोपर्यंत आमदार असो वा मंत्री, कुणी आंगणेवाडीत फोन करून सांगत नाही की अमुक दिवशी मला सवड आहे, तेवढे बघा. तारीख ठरली की मुंबईतल्या गाड्या, एसटीच्या जादा फेऱ्या आणि सगळ्यांचे दौरे त्या तारखेभोवती जुळवून घेतात. लाखो माणसे येतात. एक वाडी आपल्या रीतीच्या सगळ्या पायऱ्या झाल्याशिवाय तारीख देत नाही, आणि सगळे राज्य ते निमूट मानते. पुलाच्या बाबतीत आपण एवढा मान अभियंत्याला का देत नाही?

घाईच वाईट, असे मी म्हणत नाही. कोकण रेल्वे आमच्या डोळ्यांदेखत झाली. १९९० साली महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले, आणि ठिकठिकाणच्या कार्यालयांत उलटी घड्याळे लागली. किती दिवस झाले हे ती दाखवत नसत, किती उरले ते दाखवत. ७६० किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून अधिक बोगदे, दोन हजारांच्या घरात पूल. इतक्या वेगाने देशात क्वचितच काही झाले असेल. पण पेडण्याच्या बोगद्यात मऊ माती पुन्हा पुन्हा ढासळू लागली, माणसे गेली, तेव्हा घड्याळ भिंतीवर चालत राहिले आणि काम मातीच्या चालीने चालले. पाच वर्षांचा अंदाज होता; सबंध मार्ग जानेवारी १९९८ मध्ये खुला झाला. तोवर तयार झालेले टप्पे एकेक करून सुरू केले होते. अर्धवट बोगदा घेऊन कुणी फीत कापली नाही.

आणि त्याच रेल्वेने पुढे एक धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीतले दगड रुळावर आले आणि कारवारहून मुंबईला निघालेली सुट्टीची विशेष गाडी त्यांवर आदळली. पन्नासहून अधिक माणसे गेली. वैभववाडी आमच्या शेजारचा तालुका. त्या रात्री मदतीला धावून गेलेले लोक मला माहीत आहेत, आजही ते त्याबद्दल बोलायचे टाळतात. त्यानंतर दरडींवर जाळ्या आल्या, पावसाळ्यात रुळांवर गस्त वाढली, आणि गाड्या पावसाळी वेळापत्रकाने सावकाश धावतात. जोराचा पाऊस होऊन समोरचे दिसेनासे झाले तर चालकाने वेग ताशी चाळीस किलोमीटरपर्यंत खाली आणावा, असा नियम आहे. चतुर्थीच्या गर्दीत, डब्यात पाय ठेवायला जागा नसताना, घरी गणपती बसायची वेळ जवळ येत असतानाही हा नियम सैल होत नाही. चाकरमानी कुरकुरतो, घरी फोन करून सांगतो की गाडी लेट आहे, आणि बसून राहतो. लोक उशीर सोसतात, मंत्री महोदय. उशिराचे कारण सरळ सांगितले तर सोसतात. २०२४ च्या जानेवारीत करूळ घाट कामासाठी बंद झाला तेव्हा कोल्हापूरकडची वाहतूक आमच्या फोंडा घाटाकडे वळली. वर्षभर आम्ही ती धूळ खाल्ली. कुणी घाट लवकर उघडा म्हणून कठडे तोडायला गेले नाही.

दबाव फक्त वरून येतो असेही नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१९ च्या जुलैत कणकवलीत गड नदीच्या पुलावर महामार्गाच्या एका उपअभियंत्याच्या अंगावर बादलीने चिखल ओतला गेला. सगळ्या देशाने ती दृश्ये टीव्हीवर पाहिली. खड्ड्यांचा राग खरा होता. मीही त्याच रस्त्याने जात होतो, माझीही कंबर दुखत होती. पण ती चित्रे पाहिलेला पंचविशीतला कनिष्ठ अभियंता उद्या ठेकेदाराला "थांब, अजून चौदा दिवस झाले नाहीत" असे म्हणेल का, याचा विचार मी त्या रात्री करत होतो. ज्याला भर रस्त्यात चिखलाने भिजवता येते, त्याच्या नकाराला साइटवर कोण विचारणार? पुढच्याच वर्षी, जुलै २०२० मध्ये, कणकवलीतल्या त्याच महामार्गाच्या उड्डाणपुलाची भिंत कोसळली. २०२३ च्या ऑक्टोबरात चिपळूणला बहादूरशेख नाक्यावर उड्डाणपुलाचे काम चालू असताना गर्डर खाली आले. दोन्ही वेळा नशीब बलवत्तर, माणसे वाचली.

राजकोटावर आता नवा पुतळा उभा आहे, साठ फुटांचा. मे २०२५ मध्ये त्याचे पूजन झाले. त्याच्या निविदेत आधी तीन फुटांचा नमुना करून त्याला मंजुरी घेण्याची अट होती, दहा वर्षांच्या देखभालीची अट होती, शंभर वर्षे टिकण्याची हमी मागितली होती. तेही काम काही महिन्यांतच झाले. म्हणजे वेग आणि पायऱ्या दोन्ही सांभाळता येतात, हे आपल्याच खात्याला ठाऊक आहे. राजकोटावरून समोर समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला दिसतो. १६६४ च्या नोव्हेंबरात त्याचा पाया घातला आणि काम तीन वर्षे चालले. त्या तीन वर्षांतच मिर्झाराजे जयसिंगाची स्वारी आली, पुरंदरचा तह झाला, तेवीस किल्ले द्यावे लागले. त्याहून मोठा दबाव कुठल्या बांधकामावर आला असेल? पायाच्या दगडांत शिसे ओतल्याचे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तटाला भरती लागताना मी अनेकदा पाहिली आहे.

पण तीन फुटांच्या नमुन्याची शिस्त राज्यात गाजलेल्या कामापुरती राहू नये, एवढ्यासाठी मी आपल्या दारात आलो आहे. सिंधुदुर्गातल्या एखाद्या वाडीच्या वहाळावरच्या पाच मीटर पुलालाही ती मिळावी. माझी मागणी मोठी नाही. कामाच्या जागी फलक लागतो, त्यावर योजनेचे नाव, रक्कम आणि लोकप्रतिनिधींची नावे असतात. त्याच फलकावर स्लॅब कोणत्या दिवशी ओतला, टेकू कोणत्या दिवसाआधी काढता येणार नाहीत आणि क्यूबचा अहवाल आला की नाही, हेही ठळक लिहिले जावे. म्हणजे माझ्यासारख्याला रजिस्टरात खोटी तारीख टाकता येणार नाही. वाडीतला शाळेचा पोरगाही दिवस मोजील. चाचण्या पूर्ण झाल्याची अभियंत्याची सही झाल्याशिवाय उद्घाटनाची पत्रिका छापली जाऊ नये. आणि एखादे काम शिवजयंतीला, नौदल दिनाला, चतुर्थीला जोडलेलेच असेल, तर कार्यादेश तेवढा आधी द्यावा, नाहीतर त्या दिवसापुरते तयार झाले असेल तेवढ्याचेच लोकार्पण करावे.

याहून महत्त्वाची मागणी २० ऑगस्टच्या त्या कागदासाठी आहे. कुणाही अभियंत्याने धोक्याचे पत्र लिहिले की त्या जागेला त्याच दिवशी दोरी लागली पाहिजे, मग ती जागा कुठल्याही खात्याची असो. पत्र ज्याच्याकडे गेले त्याने चोवीस तासांत उत्तर द्यावे, आणि उत्तर येईपर्यंत दोरी सोडण्याचा अधिकार कुणालाच नसावा, आपल्यालाही नसावा. काम थांबवणाऱ्या अभियंत्याची बदली झाली तर ती का झाली, हे आपण स्वतःच्या सहीने लिहून द्यावे. मला माहीत आहे, हा अधिकार हातून सोडणे मंत्र्याला जड जाईल. पण कनिष्ठ अभियंत्याच्या "थांबा" या शब्दाला आपल्या सहीचे बळ मिळाल्याशिवाय तो शब्द ठेकेदाराच्या फोनपुढे टिकणार नाही. मी त्या फोनच्या दोन्ही टोकांना उभा राहिलेला माणूस आहे.

तो वहाळावरचा दुसरा स्लॅब आम्ही एकविसाव्या दिवशी मोकळा केला. ओतल्यापासून रोज संध्याकाळी वाडीतला एक म्हातारा येऊन टेकू मोजून जायचा. त्याला कुणी सांगितले नव्हते. शेवटचा टेकू निघाला तेव्हा तो खाली वाकून स्लॅबच्या पोटावर हात फिरवत किती तरी वेळ उभा होता. उद्घाटन झाले नाही. दुसऱ्या दिवशी मुले त्यावरून शाळेला गेली.

पावसाळ्यात आमच्याकडची कामे बंद असतात आणि दिवाळीनंतर पुन्हा सुरू होतात. खात्याचे परिपत्रक त्याआधी निघावे, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त साइट सुपरवायझर
फोंडाघाट, ता. कणकवली, जि. सिंधुदुर्ग